कळफलकाची स्वेच्छारचना : मराठी अक्षरजुळणीपासून संगणकीय आरेखनापर्यंत

कळफलकाची स्वेच्छारचना : टंकयंत्राच्या अथवा संगणकाच्या कळफलकावरील कळांना निर्मात्याने नेमून दिलेली कार्ये बदलून, वापरणाऱ्याने आपल्या कामाच्या स्वरूपानुसार व हाताच्या सोयीनुसार ती नव्याने नेमून घेणे, यास कळफलकाची स्वेच्छारचना म्हणतात. डिझाइन सॉफ्टवेअर या नावाने परिचित असलेल्या आरेखन-आज्ञावल्यांमध्ये काम जलद व्हावे म्हणून शॉर्टकट बदलून घेण्याची जी रीत रूढ आहे, ती या रचनेचे सर्वांत अलीकडचे रूप होय. कळ दोन प्रकारची कामे करते. एक, ती अक्षर उमटविते. दुसरे, ती यंत्राला आज्ञा देते. रोमन लिपीच्या जगात पहिले काम एकोणिसाव्या शतकातच स्थिरावले आणि स्वेच्छारचनेचा प्रश्न मुख्यतः दुसऱ्या कामापुरता उरला. मराठीच्या बाबतीत मात्र कळा थोड्या आणि अक्षररूपे फार, अशी स्थिती असल्याने दोन्ही कामांतील रचनेचा प्रश्न दीर्घकाळ खुला राहिला. या इतिहासातून एक सूत्र स्पष्ट होते : कळ आणि तिने निर्माण होणारा मजकूर यांची जोपर्यंत एकमेकांशी गाठ बांधलेली असते, तोपर्यंत प्रत्येकाची खाजगी सोय ही इतरांची अडचण ठरते, ती गाठ सुटल्यावरच स्वेच्छारचना निर्धोक होते.

पूर्वपीठिका : लेखनाचा वेग वाढविण्यासाठी साधनांची व खुणांची रचना बदलण्याची प्रवृत्ती यंत्रयुगापेक्षा जुनी आहे. मराठी दफ्तरांतील मोडी लिपी हे तिचे ठळक उदाहरण होय. कारकून प्रथम कागदावर आडव्या शिरोरेषा आखून घेई व त्यानंतर बोरू शक्यतो न उचलता अक्षरे एकमेकांस जोडीत लिहीत जाई. ऱ्हस्व-दीर्घांचा भेद मोडीत बहुधा पाळला जात नसे आणि वारंवार येणारे शब्द पहिल्या अक्षराने किंवा ठराविक संक्षेपाने दर्शविले जात. मोडीतील हे संक्षेप म्हणजे आजच्या शॉर्टकटचे पूर्वरूप म्हणता येईल. त्यांचा गुण आणि दोषही तोच होता : लिहिणाऱ्याचा वेळ वाचे, परंतु दफ्तराची रीत ठाऊक नसलेल्या वाचकास कागद लागत नसे. आजही मोडी कागदपत्रांच्या अभ्यासकाला अक्षरांइतकाच संक्षेपांचा अभ्यास करावा लागतो, याचे कारण हेच.

खिळ्यांची केस : मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी मजकूर छापला जाऊ लागला. पुढे जावजी दादाजी (१८३९–९२) यांनी १८६४ मध्ये टंकओतशाळा व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि देवनागरी खिळ्यांना सुबक व टिकाऊ वळण दिले. हाताने जुळणी करणाऱ्या जुळाऱ्यासमोर असलेली खणांची केस हाच त्याचा कळफलक होता. इंग्रजी जुळणीस दीडशेच्या आसपास खिळे पुरत. देवनागरीस मात्र व्यंजने, त्यांची अर्धी रूपे, जोडाक्षरे, रफार, उकार व मात्रा मिळून शेकडो खिळे लागत. मात्रा-उकारांचे स्वतंत्र खिळे अक्षराच्या वर-खाली बसविण्याची ‘डिग्री’ पद्धत आणि अक्षर व खूण एकाच खिळ्यावर असलेली ‘अखंड’ पद्धत अशा दोन पद्धती मुंबईच्या छापखान्यांत रूढ होत्या.

केसमधील मांडणीचे तत्त्व साधे होते : वारंवार लागणारे खिळे हाताजवळच्या मोठ्या खणांत आणि क्वचित लागणारे दूरच्या लहान खणांत. मराठीत ‘आ’काराचा काना, ‘त’, ‘य’, ‘र’, ‘न’ ही अक्षरे सारखी लागतात, तर ‘ङ’, ‘ञ’ ही क्वचितच. या मांडणीत छापखान्यागणिक थोडाबहुत फरक असे. एका छापखान्यात मुरलेला जुळारी दुसरीकडे गेल्यास त्याचा हात काही दिवस अडखळे. तथापि या फरकाने छापलेल्या मजकुरास बाधा येत नसे. खिळा कोणत्याही खणातून उचललेला असो, कागदावर उमटणारे अक्षर तेच असे. हा मुद्दा पुढील इतिहास समजण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

यंत्रजुळणी व लिपिसुधारणा : शेकडो खिळ्यांचा हा पसारा यंत्रावर चढविणे अवघड होते. त्यावर दोन मार्ग संभवत : यंत्र लिपीजोगे करणे किंवा लिपी यंत्राजोगी करणे. पहिल्या मार्गाने जाणाऱ्यांत शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचे नाव अग्रगण्य आहे. मुंबईत जन्मलेल्या या संशोधकाने लंडनमध्ये राहून टंकओतकामाची व जुळणीची यंत्रे तयार केली. ती ‘भिसोटाइप’ या नावाने ओळखली जात. दुसऱ्या मार्गाचा पुरस्कार लोकमान्य टिळकांनी केला. केसरी चे काम जलद व्हावे म्हणून त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खिळ्यांची छाटणी करून त्यांची संख्या सु. १९० पर्यंत आणण्याची योजना आखली. पुढे वि. दा. सावरकर यांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात व त्यानंतर ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला. तीत ‘इ’, ‘ई’, ‘उ’, ‘ऊ’ या स्वतंत्र अक्षरांऐवजी ‘अ’लाच वेलांट्या-उकार जोडले जात, त्यामुळे तितके खिळे व कळा वाचत. काका कालेलकर यांच्या प्रयत्नांनी हीच पद्धत गुजरातेतील नवजीवन प्रकाशनांतून काही काळ वापरली गेली.

हरि गोविल यांनी न्यूयॉर्क येथे मर्गेनथेलर लायनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी सिद्ध केलेली देवनागरीची योजना १९३३ च्या सुमारास पुढे आली. लायनोटाइपच्या कळफलकावर ९० कळा असत. देवनागरीची सर्व रूपे त्यांत मावत नसल्याने अर्धी रूपे व काना वेगवेगळे घेऊन अक्षर घडविण्यात येई आणि कळांवर न बसलेल्या मातृका बाजूच्या पेटीतून हाताने घातल्या जात. या यंत्रामुळे ओळी भराभर ओतल्या जाऊ लागल्या; परंतु वर-खाली खुणा असलेल्या अक्षरांची रूपे यंत्राच्या सोयीप्रमाणे आखडावी लागली. लिपिसुधारणेच्या तत्कालीन वादांत भाषाशास्त्राइतकाच कळांच्या संख्येचाही भाग होता, हे यावरून ध्यानात येते.

टंकयंत्र : अमेरिकेत क्रिस्टोफर शोल्स यांचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणले. त्यावरील रोमन अक्षरांची मांडणी थोड्या फरकाने आजही मोठ्या प्रमाणावर प्रचलित आहे. ऑगस्ट ड्वोराक व विल्यम डीली यांनी बोटांच्या हालचालींचा अभ्यास करून अधिक सोयीची मानलेली मांडणी तयार केली व तिचे एकस्व १९३६ मध्ये मिळविले. तथापि शिकलेले हात नवी मांडणी स्वीकारण्यास तयार नसतात, म्हणून ती मागेच पडली. एकदा बोटांत मुरलेली रचना बदलणे हे नवे यंत्र विकत घेण्याहून कठीण असते, असा याचा अर्थ होय.

देवनागरी टंकयंत्रावर साधारणपणे ४६ कळा असत. प्रत्येक कळेवर दोन याप्रमाणे ९२ चिन्हांत संपूर्ण लिपी बसवावी लागे. त्यासाठी ज्या अक्षरांत उभा दंड आहे त्यांचे केवळ अर्धे रूप कळेवर ठेवून, पूर्ण अक्षरासाठी त्यापुढे काना उमटविण्याची युक्ती योजण्यात आली. काही खुणांच्या कळा दाबल्यावर यंत्राची गाडी पुढे सरकत नसे; त्यामुळे खूण अक्षराच्या माथ्यावर किंवा पायाशी बसे. वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येत असली, तरी पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते त्याप्रमाणे अक्षराआधी टंकित करावी लागे. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले व पुढे मराठी कळफलकाची यंत्रेही काढली. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा झाल्यावर शासकीय कार्यालयांत मराठी टंकलेखकांची गरज वाढली आणि गावोगावच्या टंकलेखन संस्थांतून एक मोठा वर्ग या कळयोजनेत तयार झाला. रेमिंग्टन व गोदरेज यांच्या मांडणीत काही कळांचा फरक असला, तरी या फरकाचाही कागदावरील मजकुराशी संबंध नव्हता. कागदावर आलेले अक्षर कोणत्याही डोळ्यास वाचता येत होते.

कळ व अक्षर यांची फारकत : संगणकामुळे कळ दाबणे व अक्षर उमटणे यांच्यामध्ये गणितक्रियेचा एक टप्पा आला. कोणती कळ कोणत्या क्रमाने दाबली हे पाहून योग्य अक्षररूप निवडण्याचे काम आता यंत्राकडे सोपविता येऊ लागले. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस लायनोटाइप-पॉल कंपनीने आनंदबाजार पत्रिका या दैनिकासाठी बंगाली छायाजुळणीची जी योजना आखली, तीत उच्चारानुसारी कळफलकाचे तत्त्व अवलंबिले गेले : जुळाऱ्याने फक्त वर्ण द्यावेत, जोडाक्षर यंत्राने घडवावे. भारतात कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेने काम केले. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, ते ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण म्हणून पुढे आणला. १९९१ च्या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला.

इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे व बहुतेक व्यंजने उजवीकडे आहेत. अल्पप्राण व्यंजनाच्या कळेवरच शिफ्ट दाबून महाप्राण मिळतो. भारतीय लिप्यांची वर्णव्यवस्था समान असल्यामुळे ‘क’ची कळ मराठीत, बंगालीत व तमिळमध्ये एकच राहते. एका लहान उदाहरणाने जुन्या-नव्या योजनांतील भेद दाखविता येईल. रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस, खांदेरी-उंदेरी या जलदुर्गांसमोर थळ हे किनाऱ्यावरील गाव आहे. त्याचे नाव टंकयंत्रावर उमटविण्यासाठी अर्धा ‘थ’, काना व ‘ळ’ अशा तीन खुणा लागत. म्हणजे हात अक्षराची आकृती घडवीत असे. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह ‘त’ची कळ व शिफ्टसह ‘ल’ची कळ अशा दोनच वर्णकळा लागतात, म्हणजे हात उच्चार देतो व आकृती यंत्र घडविते. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारख्या मराठी शब्दांतील विशिष्ट रकारासाठीही ‘र’च्या कळेवर शिफ्टची जागा राखून ठेवलेली आहे.

आज्ञा देणाऱ्या कळा : अक्षरांचा हा इतिहास घडत असताना कळेच्या दुसऱ्या कार्याचा, म्हणजे आज्ञा देण्याचा, विकास अमेरिकेत होत होता. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे केलेल्या प्रात्यक्षिकात उजव्या हाताखाली माऊस व डाव्या हाताखाली पाच कळांचा लहानसा संच होता. एक हात दाखवितो व दुसरा आज्ञा देतो, ही श्रमविभागणी आरेखनाच्या कामात आजतागायत टिकून आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी मजकूर कापणे, नक्कल करणे व चिकटविणे या क्रियांना सुटसुटीत रूप दिले. ॲपल कंपनीच्या १९८३ च्या लिसा व १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकांबरोबर झेड, एक्स, सी व व्ही या शेजारशेजारच्या चार कळा अनुक्रमे मागे घेणे, कापणे, नक्कल व चिकटविणे यांसाठी रूढ झाल्या. या निवडीत अक्षराच्या अर्थापेक्षा डाव्या हाताच्या सोयीला प्राधान्य आहे.

कळांची कार्ये वापरणाऱ्यानेच ठरवावीत या कल्पनेचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको नावाची मजकूर-संपादक आज्ञावली वापरात होती. तीत प्रत्येकाने आपापल्या आज्ञांचे संच बनविले. परिणामी एकाच्या संगणकासमोर दुसरा बसला, तर त्याला साधे कामही करता येईना. ही अवस्था पाहून गाय स्टील यांनी निरनिराळ्या संचांचे एकीकरण आरंभिले आणि १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांच्या हातून ‘ईमॅक्स’ आकारास आली. तीत सर्वांसाठी एक समान मूळ रचना दिलेली असून तिच्यावर प्रत्येकास आपले बदल करता येतात. समान पाया व त्यावर खाजगी बदल ही तडजोड पुढील बहुतेक आज्ञावल्यांनी स्वीकारली.

आरेखन-आज्ञावल्या : ऑटोडेस्क कंपनीच्या ऑटोकॅड (१९८२) या आज्ञावलीत रेषा, वर्तुळ इत्यादींच्या आज्ञा शब्दांनी द्याव्या लागत. पुढील आवृत्त्यांत या शब्दांचे एक-दोन अक्षरी संक्षेप एका साध्या मजकूर-फाइलमध्ये नोंदविण्याची सोय झाली व ती फाइल आरेखकास हवी तशी बदलता येऊ लागली. पृष्ठरचनेसाठी अल्डस कंपनीची पेजमेकर (१९८५) व त्यानंतर क्वार्कएक्सप्रेस (१९८७), चित्ररेखनासाठी कोरलड्रॉ (१९८९) आणि छायाचित्र-संस्करणासाठी फोटोशॉप (१९९०) या आज्ञावल्या आल्या. ॲडोबी कंपनीने १९९९ मध्ये इनडिझाइन बाजारात आणली, तेव्हा तीत कळा बदलण्याची सोय तर होतीच. शिवाय क्वार्कएक्सप्रेसच्या कळांचा तयार संचही दिलेला होता. प्रतिस्पर्ध्याच्या कळांना सरावलेले हात आपल्याकडे वळवावयाचे तर त्यांची सवय मोडून चालणार नाही, हे व्यापारी शहाणपण त्यामागे होते. फोटोशॉपमध्ये कळा बदलण्याची व्यवस्था २००३ च्या सीएस आवृत्तीपासून आली. त्रिमितीय आरेखनाच्या ब्लेंडर या मुक्त आज्ञावलीनेही २०१९ च्या २.८० आवृत्तीत, स्वतःच्या वैशिष्ट्यपूर्ण रचनेबरोबरच, इतर आज्ञावल्यांशी जुळणारा एक संच उपलब्ध करून दिला.

वेगाचे गणित : स्वेच्छारचनेने नेमका किती वेळ वाचतो, याचे मापन करण्याची एक पद्धत स्ट्युअर्ट कार्ड, टॉमस मोरान व ॲलन न्यूएल यांनी १९८० मध्ये मांडली. त्यांच्या प्रतिमानानुसार सरावलेल्या व्यक्तीस एक कळ दाबण्यास सु. ०.२ सेकंद, कळफलकावरून माऊसकडे हात नेण्यास ०.४ सेकंद आणि माऊसने पडद्यावरील स्थान दाखविण्यास सु. १.१ सेकंद लागतात. हात कळफलकावर असताना मेनूतील आज्ञा द्यावयाची झाल्यास माऊसकडे जाणे, मेनू दाखविणे, दाबणे, आज्ञा दाखविणे, दाबणे व परत येणे या क्रियांना मिळून सु. ३.४ सेकंद होतात. दोन कळांच्या जोडीने तेच काम ०.४ सेकंदात होते. दिवसाकाठी अशा ५०० आज्ञा दिल्या जात असतील, तर सु. २५ मिनिटे वाचतात. परंतु याच प्रतिमानात मनाने आठवून निर्णय घेण्यासाठी १.३५ सेकंद धरलेले आहेत. कळ आठवावी लागत असेल, तर लाभाचा बराच भाग निघून जातो. म्हणून क्वचित लागणाऱ्या आज्ञेस कळ नेमण्यात अर्थ नसतो.

यावरून अनुभवी आरेखक पुढील पथ्ये पाळतात. प्रथम काही दिवस आपण कोणत्या आज्ञा वारंवार देतो याची नोंद ठेवावी व त्यांपैकी मोजक्याच निवडाव्यात. उजवा हात माऊसवर असल्यास डाव्या हाताच्या टापूतील कळा त्यांना द्याव्यात. नक्कल, चिकटविणे, जतन करणे, छापणे यांसारख्या सर्वत्र समान असलेल्या कळांना हात लावू नये. परस्परसंबंधी आज्ञा शेजारच्या कळांवर ठेवाव्यात, उदा., वस्तू पुढे आणणे व मागे नेणे. एका वेळी दोन-तीन बदल करून ते बोटांत मुरल्यावरच पुढचे करावेत. तयार झालेला संच स्वतंत्र फाइल म्हणून जतन करावा व त्याचा तक्ता छापून ठेवावा. तीन कळा एकदम दाबाव्या लागणारी जोडी सतत वापरल्यास मनगट व करंगळी यांवर ताण येतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मराठी डीटीपीतील अनुभव : विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाराष्ट्रातील छपाईचे काम खिळ्यांकडून संगणकाकडे वळले. जिल्ह्या-तालुक्यांच्या गावी डीटीपीची दुकाने निघाली आणि लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, स्मरणिका, दिवाळी अंक पेजमेकर व कोरलड्रॉ यांवर तयार होऊ लागले. या आज्ञावल्या देवनागरीची जोडाक्षरे स्वतः घडवू शकत नव्हत्या. म्हणून सी-डॅकची आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरची आकृती अशी साहाय्यक साधने वापरात आली. त्यांत इनस्क्रिप्ट, टंकयंत्र, रोमन उच्चारानुसारी अशा निरनिराळ्या कळयोजना निवडण्याची मुभा असे. टंकलेखन संस्थेत शिकून आलेला चालक टंकयंत्राची योजना घेई, नवशिका रोमन उच्चाराची घेई. कळांवर न बसलेली चिन्हे आल्ट कळ धरून अंक देऊन मिळवावी लागत. त्या अंकांचे हाताने लिहिलेले तक्ते पडद्याशेजारी चिकटविलेले असत. चालकाची किंमत बव्हंशी अशा पाठ अंकांवर व नेमून घेतलेल्या कळांवर ठरे.

येथेच खाजगी सोयीची खरी किंमत पुढे आली. या टंकांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेले असत आणि प्रत्येक निर्मात्याचा संकेत वेगळा असे. म्हणजे संगणकाच्या स्मृतीत मराठी मजकूर नसून दाबलेल्या कळांची नोंद असे. टंकयंत्राच्या कळयोजनेवर आधारलेल्या कृतिदेव टंकात ‘थळ’ हे नाव लिहिले, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात एफ, के व जी ही तीन रोमन अक्षरे नोंदली जातात. तो टंक असलेल्या संगणकावर गावाचे नाव दिसते. नसलेल्यावर तीन निरर्थक अक्षरे दिसतात, आणि त्या मजकुरात ‘थळ’ हा शब्द शोधल्यास सापडत नाही. जुळाऱ्याच्या केसमधील फरक कागदापर्यंत पोहोचत नव्हता. हा फरक मात्र थेट मजकुरात उतरला. याच काळात घडविलेली असंख्य पुस्तके, अंक व कार्यालयीन कागद छापील रूपात सुरक्षित राहिले. त्यांच्या संगणकीय प्रती मात्र रूपांतराची साधने व जाणते चालक यांच्यावाचून अवाचनीय झाल्या. मोडीच्या संक्षेपांनी शतकांच्या अंतराने जी अडचण निर्माण केली, ती येथे दहा-वीस वर्षांत उभी राहिली.

युनिकोडनंतरची स्थिती : १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळाले, त्याची मांडणी भारतीय संकेतावर आधारलेली होती. ओपनटाइप तंत्रामुळे जोडाक्षरांचे नियम टंकातच अंतर्भूत करता येऊ लागले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० मध्ये देवनागरीची अशी व्यवस्था प्रथमच आली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार व अध्यापक र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रेखाटलेला आहे. मराठीतील ‘ॲ’ या अक्षरास २००८ च्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र संकेत मिळाला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला व वर्णलेखन यांविषयी निर्णय काढून अक्षरांची रूपे व क्रम निश्चित केला. व्यावसायिक आरेखन-आज्ञावल्या मात्र मागे राहिल्या. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून नीट होऊ लागली. तोपर्यंत, आणि अनेक ठिकाणी त्यानंतरही, जुने टंक व जुन्या कळयोजना चालूच राहिल्या. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने मोबाइलसाठी तयार केलेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकात बाराखडीच्या रचनेचाच उपयोग करून घेतला आहे. मजकूर युनिकोडमध्ये असल्याने तो कोणत्या कळफलकावरून आला, हा प्रश्नच वाचकासमोर उरत नाही.

मराठी आरेखकापुढे एक अडचण अद्याप आहे. अनेक आरेखन-आज्ञावल्यांत साधने एकेका रोमन अक्षराने निवडली जातात, उदा., फोटोशॉपमध्ये कुंचल्यासाठी बी, हलविण्यासाठी व्ही. कळफलक मराठीवर ठेवला असता तीच कळ काही आज्ञावल्यांत साधन निवडण्याऐवजी निष्फळ ठरते. त्यामुळे भाषा बदलण्याची कळ दिवसातून शेकडो वेळा दाबावी लागते. मराठी आरेखकाच्या स्वेच्छारचनेत पहिला विचार म्हणूनच बहुधा या कळेचा करावा लागतो : ती डाव्या हातास सहज पोहोचेल अशी, एकाच दाबात काम करणारी व आज्ञावलीच्या इतर कळांशी न भांडणारी असावी. फंक्शन कळांवर मुख्य साधने नेमून घेणे हाही एक उपाय आहे, कारण या कळा भाषेनुसार बदलत नाहीत.

महत्त्व व मर्यादा : स्वेच्छारचना ही हस्तकौशल्याची बाब आहे आणि कोणत्याही हस्तकौशल्याप्रमाणे ती व्यक्तीबरोबर येते व जाते. जेथे एकाच संगणकावर पाळीपाळीने अनेकजण काम करतात, तेथे प्रत्येकाचा संच स्वतंत्र ठेवणे व मूळ संच सहज परत आणता येणे आवश्यक असते. नवशिक्यास मूळ संच शिकविणे व अनुभवी व्यक्तीस बदलाची मुभा देणे, हा क्रम त्यामुळे योग्य ठरतो. यंत्रासाठी लिपी छाटण्यापासून प्रत्येक हातासाठी कळफलक बदलून घेण्यापर्यंतचा हा प्रवास सु. एका शतकाचा आहे. आरंभी कळांच्या संख्येपुढे मराठीच्या स्वरांना माघार घ्यावी लागेल की काय, असा प्रश्न होता. आज प्रत्येक अक्षरास स्वतःचा संकेत आहे व कळ कोणती हे वापरणाऱ्याच्या इच्छेवर आहे. मात्र ही मुभा मजकूर समान संकेतात असेल तोवरच टिकते. कळा ज्याच्या त्याच्या असाव्यात, अक्षरे मात्र सर्वांची असावीत, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.